गॅस कुठे गेला?

मंडळी, गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारची गोष्ट. बाबांना चेकअपला अंधेरीला नेलं होतं. त्यांची बायपास होऊन सात महिने झाले होते. परत येताना आरेच्या पुढे हायवेवर जे अडकलो ते दिंडोशी सिग्नल दिसत असूनही चाळीस मिनिटं तिथेच. आणि एसीमधून येत होती ती हवा म्हणजे... आजीच्या भाषेत सांगायचं तर चुलीची फुंकर!

काचा खाली केल्या तर बाजूच्या डंपरचा धूर आत. काचा वर केल्या तर भट्टी. मागच्या सीटवर बाबा एक अक्षर बोलत नव्हते आणि मला तेच खटकलं, कारण ट्रॅफिकमध्ये बाबा सरकारपासून ते माझ्या गिअर बदलण्याच्या पद्धतीपर्यंत सगळ्यावर बोलतात. आरशात पाहिलं तर चेहरा पांढरा, शर्ट छातीपाशी चिंब. जीव खाऊन गाडी डावीकडे घेतली, एका दुकानाच्या सावलीत त्यांना बसवलं, पाणी पाजलं. वीस मिनिटांनी रंग परत आला आणि पहिलं वाक्य ऐकू आलं, "मार्चमध्येच गॅस भरला होतास ना रे?"

हो बाबा. भरला होता. त्याच्या आदल्या मार्चमध्ये भरला होता, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पुन्हा एकदा. दोन वर्षांत तीन वेळा. प्रत्येक वेळी मी गाडी नेऊन एकच वाक्य बोललो होतो, "एसी कूलिंग नाहीये, जरा गॅस भरून द्या." त्यांनी प्रत्येक वेळी गॅस भरून दिला. मी पैसे दिले. वाईट कशाचं वाटतं सांगू? पैशांचं नाही. या तिन्ही वेळांपैकी एकदाही मी विचारलं नाही, की बाबांनो, आधीचा गॅस गेला कुठे?

हाच प्रश्न आज तुम्हाला विचारायचाय. कारण या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या सहा जणांनी तरी मला "एसीचा गॅस भरून घेतला" असं सांगितलंय, आणि ते सांगताना त्यांचा आवाज असा की जणू गाडीत पेट्रोल भरलं!

पेट्रोल जळतं. संपतं. एसीचा गॅस जळत नाही हो! तो बंद नळ्यांत गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढे रेडिएटरच्या समोर लावलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग एका बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे उकळतो, उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. बस्स. घरातला फ्रिज हेच करतो आणि त्याचा गॅस आपण वर्षानुवर्षं भरत नाही.

आता कोणी म्हणेल, गाडीचं वेगळं असतं. असतं, मान्य. फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद डब्यात असतो, गाडीतला इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे त्याचा दांडा बाहेर येतो आणि तिथे सील लागतं. नळ्या काही ठिकाणी रबरी असतात, सांध्यांना ओ-रिंग असतात, वर आपल्या खड्ड्यांची थरथर. थोडा गॅस झिरपतो. पण थोडा म्हणजे किती? युरोपने २००६ साली गाडीच्या एसीबद्दल जो कायदा केला त्यात जास्तीत जास्त गळतीची मर्यादा घातली होती वर्षाला ४० ग्रॅम (मागे दुसरी कॉइल असेल तर ६०). साध्या छोट्या गाडीत एकूण गॅस असतो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. म्हणजे धडधाकट गाडीला काही वर्षं तरी गॅसकडे बघावंही लागू नये. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि ते मला फार आवडतं: गळती नेहमीपेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गॅस भरायलाच मनाई. आधी भोक बुजवा, मग बादली भरा. एवढं साधं.

आणि आपण? दर मार्चला बादली भरतो. भोक आहे का ते बघतच नाही.

यात सगळ्यात मोठा गुन्हेगार कोण तर आपण, सॉफ्टवेअरवाले! (दगड मारायला सुरुवात करण्याआधी पुढचं वाचा.) ऑफिसात प्रॉडक्शनला काही पडलं की रूट कॉज ॲनालिसिसशिवाय आपण ज्युनिअरला जेवायला सोडत नाही. पाच वेळा "का?" विचारा, कागदावर लिहा, क्लायंटला पाठवा. तोच माणूस शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, "भैया, गॅस मार दो." हे म्हणजे मेमरी लीक आहे हे माहीत असून सर्व्हर रोज रात्री तीनला रीस्टार्ट करायचा क्रॉन लावण्यासारखं झालं. (तो क्रॉन मी स्वतः लावलेला आहे. अकरा महिने चालला. कुठल्या प्रोजेक्टमध्ये ते विचारू नका. :-) )

असो. तर त्या मे महिन्यातल्या दुपारनंतर मी नेहमीच्या जागी गेलो नाही. कुरारकडे एक वयस्कर एसीवाले काका आहेत असं सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं होतं, त्यांच्याकडे गेलो. सवयीप्रमाणे म्हटलं, "काका, गॅस कमी झालाय." ते म्हणाले, "तुम्ही मोजलात?"

मी गप्प.

मग म्हणाले, "कूलिंग कधी येतं, कधी नाही, तेवढं सांगा. बाकी मी बघतो." आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्यावर विचार केला. रात्री हायवेवर ऐंशीच्या वेगात? मस्त गार. सिग्नलला? गरम. दुपारी? गरम. पावसाळ्यात? तक्रारच नाही. म्हणजे लॉग्ज माझ्याकडे दोन वर्षांचे होते, उघडले मात्र कधीच नव्हते.

काकांनी बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला आणि पुढच्या पंख्याकडे बोट दाखवलं. पंखा स्थिर. एसी लावला की कंडेन्सरवर हवा मारायला तो हळू वेगात फिरायला हवा. माझ्या गाडीत त्या हळू वेगाचा रेझिस्टर जळालेला होता. इंजिन फारच तापलं की पंखा पूर्ण वेगाने फिरायचा, त्यामुळे टेंपरेचरचा काटा कधी वर गेला नाही आणि मला कधी शंका आली नाही. गाडी पळत असताना समोरची हवाच कंडेन्सरला गार करायची. सिग्नलला ती हवाही बंद आणि पंखाही बंद, मग गॅस द्रव होणार कसा?

पुढे काकांनी पाण्याची नळी घेतली, दाब अगदी कमी ठेवला (जोरात मारलं तर कंडेन्सरच्या पात्या वाकतात) आणि मागच्या बाजूने पाणी सोडलं. मंडळी, चहा निघाला! घट्ट, दूध घातलेला, टपरीवरचा चहा. दिंडोशीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आधी कित्येक वर्षं मेट्रो ७ चं काम. ती एप्रिल २०२२ मध्ये आरेपर्यंत सुरू झाली, तोवर गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आला. दिंडोशी कोर्टापासून फिल्मसिटीकडे जाणारा उड्डाणपूल, त्यापुढे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारे बोगदे, शिवाय प्रत्येक गल्लीत रीडेव्हलपमेंट. ही सगळी धूळ कुठेतरी बसणारच ना? आमच्याकडे गाडी पुसणारा मुलगा रोज पहाटे येऊन बॉनेट आरशासारखं करतो. बॉनेटच्या आत काय आहे ते त्याने का बघावं? मीच कधी पाहिलं नव्हतं.

आता खरी मेख. शेवटी काकांनी मशीन लावून गाडीतला होता तेवढा गॅस बाहेर काढला आणि काट्यावर वजन केलं. बॉनेटखाली एक छोटं स्टिकर असतं, त्यावर माझ्या गाडीचं प्रमाण लिहिलंय: ४५० ग्रॅम. बाहेर किती आला माहितीये?

६१० ग्रॅम.

गॅस कुठेही गेला नव्हता! तिन्ही वेळा भरलेला सगळा आतच होता. गळती शून्याच्या जवळ. मी दोन वर्षं भरलेल्या टाकीत टाकी भरत होतो. आणि जास्त गॅस म्हणजे जास्त गार असं नसतं. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये तुंबतो, उष्णता टाकायला जागा उरत नाही, दाब चढतो, आणि शेवटी गाडी स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसर बंद करते. म्हणजे त्या दुपारी बाबांना ज्याने घाम फोडला त्यात माझ्या मार्चच्या "मेंटेनन्स"चाही वाटा होता.

मग प्रत्येक वेळी गॅस भरल्यावर गार कसं वाटलं? सोपं आहे. मी गाडी ऑफिसनंतर न्यायचो. काम होईपर्यंत रात्रीचे साडेआठ. ट्रायल हायवेवर. गाडी पळतेय, बाहेर ऊन नाही... गॅस न भरताही तेवढंच गार लागलं असतं! आपल्याकडे टेस्टिंगच्या मीटिंगमध्ये असा टेस्ट केस कोणी आणला असता तर आपण त्याला हसून बाहेर काढलं असतं.

"पण ते घड्याळ लावून प्रेशर बघतात की!" असं मला कालच एकाने सुनावलं. बरोबर, बघतात. घरातला गॅस सिलेंडर आठवा. भरलेला असो की तळाशी थोडासा उरलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते. संपत आलाय का हे कळायला आई तो हलवून, उचलून बघते. कारण आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब ठरतो तो तापमानावर, किती माल आहे त्यावर नाही. बंद गाडीच्या एसीचंही तेच. चालू गाडीत दोन घड्याळांवरून बरंच काही कळतं, पण ते वाचणारा जाणकार हवा, आणि बाहेरचं तापमान, पंखा, कंडेन्सरची अवस्था हे सगळं धरून वाचावं लागतं. प्रमाण समजायचा खरा मार्ग एकच: सगळा गॅस मशीनमध्ये काढा, वजन करा, व्हॅक्यूम मारा, स्टिकरवरच्या आकड्याएवढा मोजून परत भरा. वाण्याकडे साखर घेताना आपण काटा बघतो, आणि इथे दोन-अडीच हजार देऊन "थोडा मार दिया साब" ऐकून घेतो!

व्हॅक्यूमचा मुद्दा तर मुंबईत जास्तच. सिस्टिम उघडली की दमट हवा आत शिरते. हे पाणी आतल्या तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल तयार करतं आणि नळ्या आतून खायला लागतं. व्हॅक्यूममध्ये दाब इतका खाली येतो की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. त्याला वेळ लागतो, अर्धा तास तरी धरा. पाच मिनिटं पंप घुरघुरवून बंद केला तर तो व्हॅक्यूम नाही, पूजेतली घंटा आहे. मग पंप बंद करून काटा तिथेच राहतो का हेही बघायचं. चढला तर भोक आहे.

आता ज्यांच्या गाडीत खरंच भोक आहे त्यांच्याबद्दल. आमच्या विंगमधल्या एकाच्या गाडीत वर्षाला तीनदा गॅस लागायचा. कूलिंग कॉइलच गळत होती. कॉइल बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, खर्च मोठा, म्हणून तो "भरत राहू, स्वस्त पडतं" म्हणायचा. दीड वर्षाने कॉम्प्रेसर जाम झाला. का? कारण कॉम्प्रेसरला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरूनच. गॅस गळतो तेव्हा थोडं तेलही जातं (सांध्यापाशी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला की गळती तिथे समजा), आणि वरून भरताना तेलाचा हिशोब कोणी करत नाही. कॉइलचे पैसे वाचवायला गेला आणि कॉइल, कॉम्प्रेसर, ड्रायर असे तिघांचे मिळून भरून आला. भोक बुजवणारं औषध मिळतं तेही त्याने टाकून पाहिलं होतं. ते औषध भोक सोडून बाकी सगळ्या ठिकाणी चिकटतं, चांगला मेकॅनिक मग आपलं मशीन अशा गाडीला लावायला नाही म्हणतो. योग्यच करतो.

इलेक्ट्रिक गाडीवाले मित्र इथपर्यंत हसत आले असतील. थांबा. तुमच्या कॉम्प्रेसरमध्ये इलेक्ट्रिक मोटर आतच असते, तेलात बुडलेली, आणि व्होल्टेज शेकड्यांत. त्याचं तेल वेगळं असतं, वीज न वाहू देणारं. साध्या गाड्यांचं तेल त्यात मिसळलं तर इन्सुलेशनचा बोऱ्या वाजतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत हीच सिस्टिम बॅटरीलाही गार ठेवते. म्हणजे नाक्यावर "गॅस मार दो" ही चैन तुम्हाला तर अजिबातच परवडणारी नाही.

आणि हवेत सोडलेल्या गॅसचं काय? आपल्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए आहे. जुन्या आर-१२ ने ओझोनला भोक पाडलं म्हणून माँट्रियल करारानंतर त्याला हद्दपार केलं. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट. करा गुणाकार: अर्धा किलो गॅस सोडला म्हणजे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जाळून २.३ किलो निघतो. म्हणजे जवळपास २८० लिटर पेट्रोल. पंधराच्या ॲव्हरेजने मुंबई ते दिल्ली तीन फेऱ्या! भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती मान्य केली आहे, त्याप्रमाणे २०२८ पासून या गॅसांचा वापर गोठवायचा आहे. तिकडे परिषदांमध्ये आणि दिल्लीत आकडे ठरतात, आणि इकडे हायवेच्या कडेला नळीचं तोंड उघडून "फूस्स" करून अर्धा किलो हवेत. आवाज ऐकलाय ना? मीही ऐकलाय. तेव्हा मोबाईल बघत उभा होतो.

काही लोक म्हणतील, एवढा काय तो एसीचा सोस, आमच्या वेळी काचा उघड्या ठेवून कोकणात जायचो. काका, तेव्हा मीही मागच्या सीटवर होतो. खंडाळ्याच्या घाटात एसी बंद करायचा नियमही पाठ आहे. पण तेव्हा हायवेवर इतकी माती नव्हती, आणि तुमची बायपासही झालेली नव्हती. एसी ही चैन उरलेली नाही हे सरकारलाही पटलंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. दुसरीकडे एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲप टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने "नो एसी" मोहीम काढली, कारण मिळणाऱ्या भाड्यात एसीचं इंधन सुटत नाही म्हणून. आपण त्यांच्याशी एसीवरून भांडतो. पण त्यातल्या किती गाड्यांचे कंडेन्सर मातीने बंद असतील आणि एसी दुप्पट घाम गाळून अर्धाच गार करत असेल? भाड्याचा प्रश्न त्याने सुटणार नाही, तो वेगळाच आहे, पण इंधन नक्की वाचेल.

वापरण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण ते शिकवायला यूट्यूब आहे. एक: उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवा. बाहेरची हवा घेत राहिलात तर तुमचा एसी मुंबईची दमट हवा पिळत बसतो, त्याची अर्धी मेहनत पाणी काढण्यात जाते. मात्र लांबच्या प्रवासात मधून मधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर श्वासाचाच कार्बन डायऑक्साइड साठून पेंग येते. दोन: घर यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवा, कॉइल वाळते. मोज्यांचा वास येतो म्हणून परफ्यूमची बाटली लावणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माझं बिल किती झालं? रेझिस्टर, केबिन फिल्टर, गॅस काढून मोजून भरणं, मजुरी, सगळं मिळून आधीच्या एका "गॅस भरण्या"पेक्षा थोडंसं जास्त. जास्तीचा १६० ग्रॅम काकांनी मशीनमध्ये ठेवून घेतला आणि तेवढे पैसे बिलातून वजा केले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "माल तुमचा आहे." आधीच्या गॅरेजवाल्यांना मी शिव्या घालाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल. थोड्या घातल्या, मनातल्या मनात. पण त्यांनी काय केलं? मी मागितलं ते दिलं. मी "एसी का गार होत नाही ते शोधा" म्हटलंच नव्हतं, आणि शोधायचे पैसे वेगळे द्या म्हणाले असते तर मीच हुज्जत घातली असती. आपण निदानाला पैसे देत नाही, दिसणाऱ्या वस्तूला देतो. म्हणून मग तेही दिसणारी वस्तू विकतात. पुढच्या वेळी गाडी नेलीत तर तिथे उभे राहून एवढंच विचारा: किती ग्रॅम निघाला, किती वेळ व्हॅक्यूम मारला, कुठे गळत होता. तिन्हीला उत्तर नसेल तर किल्ली परत घ्या.

सध्या मी महिन्यातून एकदा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये नळी घेऊन पुढच्या जाळीतून कंडेन्सर धुतो. बघून आणखी चार जण यायला लागलेत. चौघांच्याही गाडीतून चहाच निघाला. आता सेक्रेटरींची नोटीस लागलीये की पार्किंगमध्ये पाण्याचा वापर बंद. त्यांचं चूक नाही, टँकरचं बिल मीही बघतो. तेव्हा उत्तरात "अर्धी बादली आणि झाडांना मारायचा फवारा पंप" असा प्रस्ताव लिहायला घेतलाय. आणि गंमत म्हणजे, सेक्रेटरींनी त्यांच्या गाडीत गेल्याच आठवड्यात गॅस भरून घेतलाय!